अच्युतरावांचा दाखला

डोंगराच्या कुशीतल्या एका लहानशा संस्थानात अच्युतराव घाटे नावाचे घड्याळांचे पारखी राहत होते. राजवाड्यात माणसाहून उंच अशी सात जुनी घड्याळं होती. उभं लाकडी कपाट, वर काचेआड तबकडी, खाली हलणारा लंबक आणि आत दोरीला टांगलेली दोन जड वजनं. ही वजनं आठवडाभर हळूहळू खाली उतरत आणि त्यांच्या ओढीवर घड्याळ चाले. वजनं तळाशी पोचण्याआधी चावी देऊन ती पुन्हा वर ओढून घ्यावी लागत.

अच्युतराव कपाटाला कान लावत आणि डोळे मिटत. टिक आणि टक यांत सारखं अंतर नसेल, तर घड्याळ तिरपं उभं आहे हे ते तिथल्या तिथे सांगत. लाकूड दाभणाने टोचून पाहत. तबकडी नव्याने रंगवलेली असेल किंवा एका घड्याळाचं यंत्र दुसऱ्याच्या कपाटात बसवलेलं असेल, तर ते त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आसपासचे सरदार त्यांना मुद्दाम बोलावून नेत. अच्युतरावांनी लिहून दिलेला दाखला हाती आला की मग कोणी दुसऱ्याला विचारत नसे. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

वाड्यातल्या घड्याळांना दर सोमवारी चावी देण्याचं काम सगुणाबाईकडे होतं. आधी ते तिचा नवरा करायचा. तो गेल्यावर राजेसाहेबांनी ते तिला दिलं. तिला तबकडीवरचे आकडे वाचता येत नव्हते. पण चावी फिरवताना हाताला काय लागतं, यावरून तिला घड्याळाची तब्येत कळायची.

एका वर्षी राजेसाहेबांनी मुलींची शाळा काढली. वाड्यातलं सगळ्यात मोठं घड्याळ शाळेला भेट देणार, असं त्यांनी भर दरबारात जाहीर केलं. उद्घाटनाला बाहेरचे मोठे पाहुणे येणार होते. दिवाणसाहेबांनी अच्युतरावांना बोलावून सांगितलं, "घड्याळ नीट तपासा आणि दाखला लिहून द्या. तो समारंभात वाचून दाखवायचा आहे."

अच्युतराव तपासायला आले, तेव्हा सगुणाबाई स्टूल धरून उभी होती.

"रावसाहेब, वरची फळी बघा," ती म्हणाली. "यंत्र ज्या फळीवर बसवलंय ना, ती. चावी देताना खाली दबते. अन् रोज पिठासारखा भुसा पडतोय."

अच्युतरावांनी वरची काचेची पेटी उतरवली आणि फळीच्या मागच्या अंगाला दाभण टेकवलं. जोर लावावाच लागला नाही. दाभण मुठीपर्यंत आत गेलं. फळीवर पॉलिश अजून चकाकत होतं, पण आत किडीने काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "मागची बाजू आहे. मी कदाचित पाहिलीही नसती."

त्यांनी त्याच दिवशी लिहून दिलं की फळी बदलल्याशिवाय घड्याळ हलवू नये, आणि वाळलेलं सागवान शोधून नवी फळी बसवायला महिना लागेल.

दिवाणसाहेबांनी कागद वाचला आणि परत त्यांच्याकडे सरकवला.

"अच्युतराव, समारंभ परवा आहे."

"यंत्र कोसळेल, साहेब."

"परवा कोसळेल?"

"परवाच, असं सांगता येत नाही."

"मग परवा ते उत्तमच असणार की! तेवढं लिहा. समारंभ उरकला की खुशाल फळी बदला." दिवाणसाहेबांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "राजेसाहेबांच्या मनात तुम्हाला जामदारखान्याचं पारखीपण द्यायचं आहे. अशा वेळी त्यांना दरबारात दिलेला शब्द मागे घ्यायला लावणं मला तरी बरं दिसत नाही."

जामदारखाना म्हणजे संस्थानाचे सगळे दागदागिने आणि जुन्या मौल्यवान वस्तू. ते पारखीपण मिळावं असं अच्युतरावांना वीस वर्षं वाटत होतं. त्यांनी कागद फाडला. दुसरा घेतला आणि त्यावर लिहिलं, 'घड्याळ तपासले. स्थिती उत्तम.'

समारंभ थाटात झाला. दाखला वाचून दाखवला गेला तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. राजेसाहेबांनी अच्युतरावांच्या अंगावर शाल घातली. नव्या परकर-पोलक्यातल्या तीस मुली घड्याळासमोर मांडी घालून बसल्या होत्या. लंबकाबरोबर त्यांच्या माना इकडून तिकडे हलत होत्या.

समारंभ उरकला, पण फळी काही बदलली गेली नाही. बदलायची तर घड्याळाचं यंत्र खाली काढावं लागणार होतं. खाली काढायचं तर कारण सांगावं लागणार होतं. काल जे उत्तम होतं ते आज दुरुस्तीला कसं आलं, असं कोणी विचारलं तर? सुट्टीत गुपचूप जाऊन काम उरकू, असं अच्युतरावांनी ठरवलं. ठरवल्यावर त्यांना बरं वाटलं.

शाळेतल्या घड्याळालाही चावी सगुणाबाईच देत होती. ती त्यांच्या घरी आली.

"रावसाहेब, फळी आता जास्तच दबायला लागली. खाली पोरी बसतात हो."

"दिवाळीच्या सुट्टीत करू."

"दिवाळीला अजून दोन महिने आहेत."

"मग तोवर जरा हलक्या हाताने चावी दे."

ती पुन्हा आली. तिसऱ्यांदाही आली. तिसऱ्या वेळी अच्युतरावांनी आतूनच निरोप पाठवला की ते पूजेला बसले आहेत.

मग सगुणाबाईने तिला जमेल ते केलं. सोमवारी ती शाळा भरायच्या तासभर आधी जाऊ लागली. घड्याळापुढच्या दोन ओळींच्या चटया तिने उचलल्या आणि मागे नेऊन अंथरल्या. शाळेच्या बाई तिच्यावर चिडल्या, 'मुली अशा कोंबून बसवायच्या का?' म्हणाल्या. सगुणाबाईने मान खाली घालून ऐकून घेतलं, पण चटया पुढे आणू दिल्या नाहीत.

भाद्रपदातल्या एका सोमवारी सकाळी ती स्टुलावर चढली, काचेचं दार उघडलं आणि चावी लावली. दोन्ही वजनं जवळजवळ वर आली होती, तेवढ्यात फळी मोडली. यंत्र, तबकडी, वजनं, सगळं पुढच्या बाजूला कलंडलं. तिने उजव्या हाताने ते अडवायला पाहिलं. ते तिच्यासकट खाली आलं आणि तिचा पंजा पितळेच्या पत्र्याखाली सापडला. शाळा अजून भरलेली नव्हती. मुलींपैकी एकीलाही साधं खरचटलं नाही.

हाडवैद्याने शर्थ केली. तरी दोन बोटं गेली आणि उरलेली तीन पुन्हा कधी वळली नाहीत.

चौकशी दिवाणसाहेबांच्या कचेरीत झाली. राजेसाहेबांची भेट मोडली होती, तेव्हा कोणाला तरी जबाबदार धरावंच लागणार होतं. वाड्यातली सगळी नोकरमाणसं दारात येऊन उभी राहिली. अच्युतरावांना खुर्ची दिली होती.

दिवाणसाहेबांनी दाखला वाचला. "घड्याळ उत्तम होतं. मग ते पडलं कसं? चावी जास्त पिळली असणार."

"नाही, साहेब," सगुणाबाई म्हणाली. तिचा हात खांद्यापर्यंत बांधलेला होता. "फळी किडली होती. मी रावसाहेबांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी स्वतः दाभण घालून पाहिलं होतं. ते इथंच बसलेत. त्यांना विचारा."

तिच्या आवाजात भीती नव्हती. रावसाहेब समोर आहेत म्हणजे आता प्रश्नच मिटला, असं तिला वाटत होतं. ती त्यांच्याकडे पाहत उभी राहिली.

दारातली माणसंही त्यांच्याकडे पाहू लागली. खरं सांगायचं तर एक वाक्य पुरे होतं. पण त्या वाक्याबरोबर दाखला खोटा ठरणार होता, आणि जामदारखान्याची नेमणूक अजून सहीसाठी राजेसाहेबांसमोर पडून होती. अच्युतरावांनी दिवाणसाहेबांकडे पाहिलं. दिवाणसाहेब खिडकीबाहेर बघत होते.

"तिने काही सांगितल्याचं मला आठवत नाही," अच्युतराव म्हणाले.

कारकुनाने ते लिहून घेतलं.

सगुणाबाईचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि एका हाताने तो तिला सावरता येईना. दारातली एक मोलकरीण पुढे आली, तिने तो नीट केला आणि तिला धरून बाहेर नेलं.

सगुणाबाईचं काम गेलं. वाड्यामागची खोलीही गेली. ती नदीपलीकडे बहिणीकडे राहायला गेली. अच्युतरावांना जामदारखान्याचं पारखीपण मिळालं.

कार्तिकात ते एकदा तिला भेटायला गेले. ती अंगणात डाव्या हाताने पावटे सोलत होती. एका शेंगेला फार वेळ लागत होता.

"सगुणाबाई," ते म्हणाले, "मी दिवाणसाहेबांशी बोलतो. तुला पुन्हा कामावर घेतील."

"काय सांगाल त्यांना?"

"सांगेन की... तुझा फारसा दोष नव्हता."

"फारसा?"

जे सांगायला हवं होतं ते इथे अंगणात, तिच्या एकटीसमोरसुद्धा, अच्युतरावांच्या तोंडून निघत नव्हतं.

"घरी जा, रावसाहेब," ती म्हणाली. "माझे एवढे सोलून व्हायचेत."

ते परत आले. दिवाणसाहेबांशी ते कधीच बोलले नाहीत.

वाड्यातल्या उरलेल्या सहा घड्याळांना चावी द्यायला गेनू नावाच्या माणसाला नेमलं. तो पूर्वी वाड्यात दिवाबत्ती करायचा. हाताने नेटका होता आणि नजरेने तीक्ष्ण. चौकशीच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या माणसांत तोही होता.

वर्षं गेली. अच्युतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. स्टुलावर चढणं त्यांना जमेनासं झालं. वार्षिक तपासणीला ते खाली खुर्ची टाकून बसत आणि गेनूला विचारत.

"दोऱ्या झिजल्यात का रे?"

"नाही, साहेब. चांगल्या आहेत."

"फरशी धुताना पाणी आत शिरतं. कपाटाचं बूड ओलं नाही ना?"

"कोरडं आहे, साहेब."

"काही वेगळा आवाज वगैरे?"

"छान चाललंय सगळं."

अच्युतराव समाधानाने दाखला लिहीत. अक्षर आता वाकडं यायचं, पण शब्द तेच.

मग एका घड्याळाची दोरी तुटली आणि वजन कपाटाचा तळ फोडून फरशीवर आलं. पुढच्या वर्षी दुसऱ्याचं बूड कुजून खचलं आणि ते भिंतीवर रेललं. तिसऱ्याच्या चाकाचे दात झिजून गेले होते. ते कधी थांबलं तेही कोणाला नेमकं सांगता येईना. सहा वर्षांत सहापैकी चार घड्याळं मेली. दुरुस्तीची वेळ केव्हाच टळून गेली होती.

राजेसाहेबांनी सगळे जुने दाखले मागवले आणि अच्युतरावांना समोर उभं केलं.

"दर वर्षी उत्तम!" ते कागद बाजूला टाकत म्हणाले. "घाटे, तुम्ही पाहत तरी होता का?"

अच्युतरावांना डोळ्यांचं सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर मग लिहिलं कसं, असा प्रश्न आला असता. त्यांचं पारखीपण त्याच दिवशी काढून घेतलं. ही बातमी सरदारांच्या घरी पोचली आणि त्यांचीही बोलावणी बंद झाली. चाळीस वर्षांची पत एका महिन्यात गेली.

जायच्या दिवशी ते दिवाणखान्यात गेले. गेनू एका बंद पडलेल्या घड्याळाची काच पुसत होता.

"गेनू, खरं सांग. तुला हे दिसत नव्हतं?"

"दिसत होतं, साहेब."

"दोरी? बूड? सगळं?"

"सगळं."

"मग मला एकदा तरी सांगायचं होतंस!"

गेनूने पुसणं थांबवलं नाही.

"सगुणाबाईनं सांगितलं होतं की, साहेब."

तात्पर्य: खरं सांगणाऱ्याला ऐन वेळी जो एकटं सोडतो, त्याला पुढे खरं सांगायला कोणी उरत नाही.