भागीचं दूध

तो काळा खडक बघा, आणि त्याच्यावरून खाली आलेली ती पांढरी रेघ. शिकलेली माणसं तिला गारगोटी म्हणतात. म्हणोत बापडी! आमच्या धनगरवाड्यावर तिला भागीचं दूध म्हणतात.

फार मागं, गोऱ्या साहेबाच्या अमदानीत, इथं भागी झोरे नावाची बाई राहायची. तिच्या हातचं दूध जन्मात कधी नासलं नाही, असं सांगतात. कुणाची म्हैस व्याली की भागीला बोलावणं आलंच. पण तिचा नवरा धाकू! चाळीस वर्षं तिच्या हातचं दूध प्यायला, मिशा पुसल्या, उठला. बरं नाही की वाईट नाही. भागीला ते लागायचं, फार लागायचं.

एके दिवशी डोंगर मोजायला एक साहेब आला आणि दमून ह्याच खडकावर टेकला. भागीनं आटवलेल्या दुधाचा पेला पुढं केला. सगळा वाडा बघत होता. साहेबानं घोट घेतला नि म्हणाला, "नाईस!"

भागीच्या कानावर पडलं, नास.

"नासलं? माझ्या हातचं?"

साहेब आणखी खुशीत, "व्हेरी नाईस!" झालं! बाईनं अख्खं मडकं खडकावर ओतलं आणि तिथंच मटकन बसून रडायला लागली. ओघळलेलं दूध खडकानं धरून ठेवलं म्हणे.

साहेबाचा पट्टेवाला धावला. "अगं बाई, काय केलंस हे! नाईस म्हणजे त्यांच्यात झकास!"

भागीनं पदरानं डोळे पुसले. "चांगलं म्हणाया परका माणूस यावा लागला," एवढंच बोलली. धाकू शेजारीच उभा होता, मान खाली घालून.

दुसऱ्या सकाळी धाकू दूध प्यायला, मिशा पुसल्या, पण उठेना. शेवटी जमिनीकडं बघत पुटपुटला, "नास हाय."

"ऐकू न्हाई आलं," भागी म्हणाली. तीनदा म्हणायला लावलं म्हणे त्याला.

तेव्हापासून इथला गडी 'नास हाय' म्हटल्याशिवाय जेवणावरून उठत नाही. नव्या सुना पहिल्यांदा ऐकून घाबऱ्याघुबऱ्या होतात. सरळ 'छान' म्हणायला आमच्या गड्यांची जीभ अजून उचलत नाही, त्याला काय करणार!

आता वाड्यावर चारच चुली उरल्या. त्यातली एक सिधू येडग्याची. बायको जाऊन सहा वर्षं झाली, भाकरी स्वतःच थापतो. आजही उठायच्या आधी तो चुलीकडं बघून म्हणतो, "नास हाय गं."