पात्र प्राण्यांचा संच

एका जंगलात एकच पाणवठा उरला होता आणि त्या पाणवठ्याला एक कारकून होता. त्याचं नाव केरबा साळिंदर. गणित फक्त त्यालाच येत होतं. म्हणजे इतरांना येत नाही, एवढं तरी त्याला नक्की ठाऊक होतं.

उन्हाळा लांबला तेव्हा वाघमहाराजांचं फर्मान आलं: पाणी फक्त पात्र प्राण्यांना. केरबाने काट्याने चिखलात मोठं रिंगण आखलं. "हा महाराजांचा जयजयकार करणाऱ्यांचा संच. आत उभे राहा." जवळपास सगळे मावले.

आठवड्याने दुसरं फर्मान आलं: ज्यांचे आजोबा याच जंगलात जन्मले, त्यांनाच. केरबाने पहिल्याला छेदणारं दुसरं रिंगण काढलं. दोन्हींत एकदम उभा राहील त्यालाच पाणी.

"याला छेद म्हणतात," त्याने भेकराला समजावलं.

"काहीही म्हणा केरबादादा, घसा कोरडा पडलाय."

"नियम समजून घे, तहान कमी वाटेल."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की घरी जाऊन त्याने बायकोलाही ऐकवलं. भागू म्हणाली, "तुम्ही पिऊन आलात, म्हणून सुचतंय."

त्याच महिन्यात भागू गेली. केरबा दोन दिवस बिळाबाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, कारण फर्मान आलं होतं: कुटुंब हा राज्याचा पाया, म्हणून जोडीने येणाऱ्यांनाच पाणी. त्याने रिंगण आखलं. इतकं गोल त्याला पूर्वी कधी जमलं नव्हतं. पुरं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण बाहेर उभे आहोत.

"प्रधानजी, माझी बायको परवाच गेली."

"वाईट झालं," तरस प्रधान म्हणाले. "रिंगण मात्र सुबक आलंय."

रेघ वीतभर सरकवली असती तर भागलं असतं. पण रिंगण वाकडं झालं असतं. केरबाने सरकवली नाही.

चौथं फर्मान होतं: ज्यांनी पाण्यावरून एकदाही कुरकुर केली नाही, त्यांनाच. आता चारही रिंगणांच्या मधे नुसता चिखल उरला.

"आत कुणीच नाही की," भेकर म्हणालं.

"त्याला रिक्त संच म्हणतात," केरबा सवयीने म्हणाला. बोलताना त्याची जीभ टाळूला चिकटली.

महाराज एकटेच आले आणि पोटभर प्यायले. "महाराज संचात येत नाहीत, संच महाराजांत येतात," प्रधानांनी खुलासा केला. मग त्यांनी केरबाला अहवाल सांगितला: "लिहा. एकाही पात्र प्राण्याला पाणी नाकारलेलं नाही."

केरबाने वाक्य दोनदा तपासलं. गणिताने त्यात एकही चूक नव्हती. त्याने सही केली.

उत्तम पाणीवाटपाचं बक्षीस त्या वर्षी याच जंगलाला मिळालं. ते घ्यायला प्रधान गेले, कारण कारकुनाला उठवत नव्हतं.