मेणाचा चेहरा

फार पूर्वी, पार तिकडे समुद्रापलीकडच्या रोम नगरीत, एक म्हातारा सम्राट राज्य करत होता. राज्य हे एवढं मोठं, पण पोटी मूल नाही! गादीला वारस म्हणावीत अशी घरात दोनच मुलं. एक त्याच्या बहिणीचा मुलगा, क्विंटस. दुसरा ऑलस, राणीला पहिल्या नवऱ्यापासून झालेला. दोघांचेही वडील लढाईत गेलेले.

त्या नगरीत एक रीत होती. घरातलं माणूस गेलं की त्याचा मेणाचा चेहरा करायचा आणि दिवाणखान्यातल्या कपाटात जपून ठेवायचा. राजवाड्यातल्या कपाटात या दोन मुलांच्या वडिलांचेही चेहरे होते. त्यातला ऑलसच्या वडिलांचा चेहरा सम्राटाच्या डोळ्यांत खुपायचा. राणी रोज त्याच्यावरची धूळ पुसायची ना! सम्राट झाला म्हणून काय झालं, जळफळाट त्यालाही व्हायचाच.

एक दिवस त्याने दोघांना दिवाणखान्यात बोलावलं. समोर शेगडी पेटलेली होती.

"तुमच्यातल्या एकाला मी दत्तक घेणार. गादी त्याची. पण माझा मुलगा व्हायचं तर बाप एकच, मी! जुन्या बापाचा चेहरा या शेगडीत टाका."

क्विंटसने मागचापुढचा विचार केला नाही. चेहरा उचलला आणि टाकला की शेगडीत! "हे घ्या, बाबा!"

दाराशी उभी असलेली त्याची आई मुसमुसून रडू लागली.

ऑलसही चेहरा घेऊन शेगडीपर्यंत गेला, पण तिथेच थबकला.

"का रे, थांबलास का?"

"नाही जमत, महाराज. मी तान्हा असताना ते गेले. माझे वडील कसे दिसायचे, ते मला या मेणामुळेच माहीत आहे."

"मग गादीवर पाणी सोडावं लागेल!"

"सोडतो. पण तुम्हाला नाही सोडणार. घोड्यावर बसायला तुम्ही शिकवलंत. तापात फणफणलो तेव्हा उशाशी तुम्ही बसलात. तुम्हाला बाबा म्हणावं असं मला केव्हापासून वाटतं. फक्त यांना जाळून नको."

सम्राटाने क्विंटसकडे पाहिलं. त्याची नजर सिंहासनावरच खिळलेली. म्हातारा विचारात पडला. उद्या आपलाही असाच मेणाचा चेहरा होणार, तो द्यायचा तरी कोणाच्या हाती?

"क्विंटस, बाळा, तुला काही कमी पडू देणार नाही मी," तो म्हणाला. "पण आधी जा, आईचे डोळे पूस. चूक माझीच. गेलेल्या माणसाशी भांडत बसलो, वेडा कुठला!"

मग ऑलसचा हात धरून तो कपाटापाशी गेला. तो चेहरा त्याने स्वतःच्या हाताने जागेवर ठेवला, शेजारचे चेहरे जरा सरकवले आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"मला इथे ठेव हं. यांच्या शेजारी."

ऑलसला रडूच फुटलं. "ठेवीन, बाबा," तो म्हणाला.

तात्पर्य काय, तर ज्याला जुनी माया टाकवत नाही, त्याच्याच हाती नवं नातं निर्धास्त सोपवावं.