दहापैकी नऊ

विषय : इयत्ता पाचवी ते आठवीच्या इंग्रजीच्या तासाला मुले काय शिकतात, हे पालकांना कळविण्याच्या पत्रकाबाबत.

संदर्भ : मुख्याध्यापकांची तोंडी सूचना. लेखी मिळाली नाही, मागितलीही नाही.

उपरोक्त विषयान्वये नमूद करण्यात येते की, त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या शाळेतून पाच मुलींचे दाखले गेले. मुलगी सातवी-आठवीत पोहोचली की तिला काढून घ्यायची, अशी गावाची पद्धत. मुख्याध्यापकांचे मत पडले की, इंग्रजीच्या तासाला काय मिळते हे पालकांना कळले तर उरलेल्या मुली तरी राहतील. सबब पत्रक. ते इंग्रजीचे शिक्षक विद्याधर नांदुरकर यांनी लिहिले. निवृत्त झालेले इंग्रजीचे जुने शिक्षक शांतवन साळवे यांच्या नजरेखालून घालून मगच ते छापायचे ठरले. मी शाळेचा लेखनिक. छपाईला द्यायचा कागद माझ्या ताब्यात असल्याने मीही सोबत गेलो.

“पण हे पालकांनी वाचायचं, की नुसतं घरात ठेवायचं?” साळवे सर विचारत होते.

सर अंगणात पोत्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. विद्याधर उभा होता. तो सरांचाच विद्यार्थी, पहिल्या बाकावरचा. बी. एड.ला पहिला वर्ग मिळाल्यापासून तो कुणाकडे सहसा बसत नसे.

“वाचायचं, सर. ज्यांना येत नाही त्यांना मुलं वाचून दाखवतील.”

“बरं. मला दाखव वाचून.”

विद्याधरने वाचले. पाचवीला अक्षरे आणि चित्रांवरून शब्द. सहावीला छोट्या गोष्टी आणि त्यांखालचे प्रश्न. सातवीला कविता पाठ, दहा ओळींचा निबंध. आठवीला पत्रलेखन आणि अर्जलेखन. शेवटचे वाक्य त्याने जरा आवाज चढवून वाचले. आपला पाल्य कोणत्याही कार्यालयात कोणाच्याही मदतीविना इंग्रजीत अर्ज करू शकेल.

“कोणाच्याही मदतीविना...” सर म्हणाले. “भाऊसाहेब, तुमच्या टेबलावर असा अर्ज कधी आला?”

“इंग्रजीतला नाही, सर,” मी म्हणालो. “मदतीविनाचाही नाही.”

विद्याधर हसला नाही. त्याने पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून सरांपुढे ठेवला.

“पुरावा आणलाय, सर. आठवीच्या बेचाळीस वह्या. बेचाळीस अर्ज. प्रदर्शनात मांडले होते. तपासणीला आलेले साहेबसुद्धा थांबून बघत होते.”

सरांनी हात पुसले. एक वही उघडली. मग दुसरी. मग पाच-सहा एकदम.

“ताप... ताप... ताप आल्याने दोन दिवसांची रजा मिळावी... ताप.” त्यांनी मान वर केली. “साथ आहे का रे गावात?”

“नमुना अर्ज आहे, सर. फळ्यावर दिला होता. पाठ करून घरून लिहून आणायला सांगितला.”

“सगळ्यांना दहापैकी दहा?”

“एक सोडून. एकीला नऊ. हुशार आहे, पण तिनं नमुना सोडला.”

“कोण?”

“कौशल्या झोडगे.”

नाव माझ्या ओळखीचे होते. पाच दाखल्यांपैकी शेवटचा तिचा.

“ती वही दे.”

सरांनी वही चष्म्याजवळ नेली. अर्जाच्या मधोमध लाल शाईचा मोठा कंस होता. समासात विद्याधरच्या वळणदार अक्षरात शेरा : नमुन्याबाहेर.

सर वाचत राहिले. अर्ज काही फार लांब नव्हता. तरी वेळ लागला.

“भाऊसाहेब, मराठीत सांगतो. ऐका.”

कंसातला मजकूर असा होता : ‘मला ताप नाही. माझे वडील माझा दाखला मागायला येतील. तो कृपया देऊ नये. माझे लग्न ठरविले आहे. मला शाळेत यायचे आहे.’

कंसाखाली पुन्हा नमुन्याबरहुकूम : आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.

...

“वाचलं होतंस?” सरांनी विचारले.

“हो, सर.”

“वाचून मार्क कापलास.”

“मला वाटलं, स्वतःची वाक्यं घालून दाखवतेय. हुशार मुलं करतात तसं.” विद्याधर थांबला. “व्याकरण बरोबर होतं, सर. म्हणून एकच कापला.”

सरांनी एक शेंग उचलली. सोलली नाही.

“हे तिनं मराठीत का नाही लिहिलं?”

विद्याधर पुन्हा कंसातला मजकूर बघू लागला.

“तिच्या वह्या घरी कोण बघतं?”

“थोरला भाऊ. रोज दप्तर उघडून बघतो. चिठ्ठी-बिठ्ठी आहे का म्हणून.”

“त्याला इंग्रजी येतं?”

“इंग्रजीतच नापास झालाय, सर. दोनदा.”

“त्या घरात अजून कुणाला?”

“कुणालाच नाही.”

“आणि शाळेत?”

शाळेत इंग्रजी शिकविणारा विद्याधर एकटाच होता.

सर माझ्याकडे वळले. “दाखला?”

“गेला, सर,” मी म्हणालो. “महिना होत आला. वडील स्वतः आले होते. मीच लिहून दिला. शाळा सोडण्याचं कारण, पालकांची विनंती.”

मुलींच्या बाबतीत बहुधा तेच कारण असे. त्या रकान्यापुरता मी रबरी शिक्का करून घेतला होता. श्रम वाचत.

“वही कधी तपासलीस?”

“दाखला जायच्या तीन दिवस आधी,” विद्याधर म्हणाला. खाली तारीख होती. तारीख घालायला तो कधी विसरत नसे.

“आणि लग्न?”

“झालं, सर,” मी म्हणालो. “मागच्या पंधरवड्यात. सगळ्या स्टाफला पत्रिका होती. जेवण चांगलं होतं.”

शेवटचे वाक्य बोलायला नको होते, हे बोलल्यावर लक्षात आले.

शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. विद्याधर खाली बसला. पोते सरकवून घेतले नाही. इस्त्रीच्या पॅन्टीसकट मातीतच बसला.

“सर... तिनं विचारलं होतं.”

“काय?”

“मांडवात. आम्ही आहेर द्यायला पुढं गेलो. ती पाया पडली. खाली वाकलेली असतानाच म्हणाली, ‘सर, माझी वही तपासली का?’ ”

“मग?”

“सगळे उभे होते, सर. तिचे वडील, भाऊ, नवऱ्याकडचे. मला वाटलं, पोरीला अजून अभ्यासाचीच काळजी. चारचौघांत कौतुक करावं. मी मोठ्यानं म्हणालो, ‘तपासली की! दहापैकी नऊ.’ ”

“ती काय म्हणाली?”

“ती काहीच नाही.” विद्याधरने दोन्ही तळव्यांनी तोंड पुसले. “वडील म्हणाले. नवऱ्याकडच्यांना. ‘बघा, इंग्रजीत नऊ मार्क पडत्यात पोरीला. आम्ही उगाच सांगत नव्हतो.’ ”

“आणि ती?”

“ती उठली आणि गुरुजींच्याही पाया पडली. लग्न लावणाऱ्या. मग ओळीनं सगळ्यांच्या.”

...

सरांनी वहीची मधली शिवण उसवली. ते पान न फाडता, अलगद सोडवून घेतले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरले.

“भाऊसाहेब, अर्ज आहे. आवक नंबर द्या.”

“सर, मुदत गेली त्याची. दाखला दिलेला आहे.”

“मुदत गेलेल्या अर्जाला नंबर देत नाहीत?”

“देतात,” मी कबूल केले. “नंबर सगळ्यांना देतात.”

मी पान घेतले. घडी घालावी की नाही, ते कळेना. तसेच हातात धरून बसलो.

“मी काय करू, सर?” विद्याधरने विचारले. “तिच्या सासरी जाऊ? कोण म्हणून जाऊ? काय सांगू तिथं?”

सरांनी उसवलेली वही मिटून गठ्ठ्यावर ठेवली.

“पत्रक रद्द करू?”

सर शेंगा सोलू लागले. एका शेंगेत अळी निघाली. त्यांनी ती शेंग बाजूला ठेवली.

“सर, तो नमुना...” विद्याधरचा आवाज खाली गेला. त्यात तक्रार नव्हती, आधार शोधणे होते. “तो नमुना मला तुम्हीच शिकवला होता. आठवीत. ताप, दोन दिवस. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर तुम्ही बाकावर उभं करायचात.”

“हो.”

“पण तुम्ही असता तर... तुमच्या हातात ही वही आली असती तर...”

सरांनी सूप पुढे ओढले. दाणे एका बाजूला केले, टरफले दुसऱ्या बाजूला.

“मी आठ दिले असते,” ते म्हणाले.

सदर अर्ज दुसऱ्या दिवशी आवक क्रमांक ४१७ अन्वये नोंदवून मुख्याध्यापकांसमोर ठेवण्यात आला. त्यांनी त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा दिला. पत्रक छापून पालकांना वाटण्यात आले. उन्हाळ्यापर्यंत आणखी तीन मुलींचे दाखले गेले. मी सेवानिवृत्त झालो, त्या वेळी कार्यभार सोपविण्याच्या यादीत अर्जाची नोंद करून दिली आहे. अर्जदारास काही कळविण्यात आलेले नाही. अर्ज निर्णयासाठी प्रलंबित आहे.