पाळण्याचं नवं नाव

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध शिक्षिका राहत असत. आयुष्यभर गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण निवृत्ती काही त्यांना मानवली नाही. या वयात माणसे तीर्थयात्रेला निघतात. या संगणक शिकायला बसल्या. सारे गाव त्यांना नुसते 'बाई' म्हणे, आणि तेवढ्यावर कुणाचे काही अडत नसे.

बाईंनी आरोग्य उपकेंद्रांतल्या परिचारिकांसाठी एक सॉफ्टवेअर तयार केले होते. गावात मूल जन्मले की त्याची नोंद त्यात व्हायची, आणि कोणत्या बाळाला कोणती लस कोणत्या दिवशी द्यायची हे ते आपणहून सांगायचे. बाईंनी त्याचे नाव ठेवले 'पाळणा'. नाव असे रुळले की विचारू नका. नोंद केली का, असे कुणी विचारीतच नसे. "वरच्या वाडीतलं बाळ पाळण्यात घातलं का?" असे एक सिस्टर दुसरीला विचारी आणि दुसरी म्हणे, "कालच घातलं." बारा वर्षांत त्याच्या तीन आवृत्त्या झाल्या आणि पाचशे उपकेंद्रांत पाळणा हलू लागला.

बाईंचा एक शिष्य होता, मकरंद. शाळेत त्यांच्याकडे अपूर्णांक शिकलेला, पुढे शहरात शिकून पुन्हा त्यांच्याच दारी आलेला. तिसरी आवृत्ती चालता चालता धापा टाकू लागली, तेव्हा बाईंनी सारे काम त्याच्या स्वाधीन केले. डागडुजी करीत बसण्यापेक्षा नवेच बांधावे, असे त्याने ठरवले. तीन वर्षे खपला. जुनी एक ओळ त्याने शिल्लक ठेवली नाही. डोंगरात नेटवर्क नसले तरी चालावे, चिमुकल्या जुन्या मोबाइलवरही चालावे, असे ते नवे सॉफ्टवेअर सिद्ध झाले, आणि काम उत्तम झाले होते यात वादच नाही.

राहिला प्रश्न नावाचा. आता तुम्ही म्हणाल, एवढे मोठे काम उरकल्यावर नावाचे काय अडले? पण माणसाचे घोडे पेंड खाते ते अशाच ठिकाणी. या कामाला हातभार लावणारे एक शेठ होते, औषधांचे व्यापारी. ते मकरंदला म्हणाले, "माल नवा आणि पाटी जुनी कशाला? 'आवृत्ती चार' म्हटलं की लोकांना वाटतं, तीनदा जमलं नाही म्हणून चौथ्यांदा करताहेत. झोकदार नाव ठेवा. 'मातृतेज'. आणि लिहा, आवृत्ती एक."

मकरंदला ते पटले. खरे तर पटण्याआधीच आवडले, आणि आवडलेली गोष्ट पटायला वेळ लागत नाही. त्याच्या मनात एक सल होता. या तीन वर्षांत मित्रांना बढत्या मिळाल्या, त्यांची घरे झाली. याच्या वडिलांना मात्र शेजाऱ्याने विचारले, मुलगा काय करतो, तेव्हा ते म्हणाले होते, "आमचे चिरंजीव बाईंच्या प्रोग्रामला ठिगळं लावतात." ते वाक्य त्याच्या घशाखाली उतरले नव्हते. आवृत्ती चार म्हणजे बाईंचेच काम पुढे चालू. आवृत्ती एक म्हटले तर ते त्याचे स्वतःचे होणार होते.

गुरुवारी सकाळी तो शेठना घेऊन बाईंकडे गेला आणि चाचरत का होईना, सारे सांगून मोकळा झाला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "बरं. नाव बदलायचं तर रीतसर बदलू." आणि त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांदळाने भरलेली थाळी होती.

लग्नात नवरीचे नाव बदलतात तेव्हा नवरा अंगठीने तांदळात तिचे नवे नाव लिहितो, ते तुम्ही पाहिले असेल. शेठनी थाळी ओळखली आणि ते हसले. "हे बरीक उत्तम. आमच्या दोन्ही सुनांची नावं आम्ही अशीच बदलली. एकीपेक्षा एक सुंदर नावं ठेवली." बाईंनी बोटातली अंगठी काढून मकरंदच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "लिही."

मकरंद संकोचला. बाईंचे वय झाले, असा विचार त्याच्या मनाला चाटून गेला आणि त्याचे त्यालाच वाईट वाटले. त्याने तांदळात 'मातृतेज' लिहिले. खाली एकचा आकडा काढला.

बाई थाळीकडे बघत राहिल्या. "तुला माझं नाव ठाऊक आहे?"

"सुहासिनीबाई. शाळेत पाटीवर होतं की."

"ते तांदळातलं. त्याच्या आधीचं?"

मकरंदला ते ठाऊक नव्हते. वीस वर्षांत विचारायचे सुचलेही नव्हते.

"यमुना," बाई म्हणाल्या. "सुहासिनी हे नाव मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? नवं घर, नवं नाव, मीही मिरवलं. पण माझ्या आईच्या तोंडी ते कधी बसलं नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले. आईला लिहिता येत नव्हतं. तिनं शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेतलं, की यमुने, असशील तशी निघून ये. वर पत्ता घातला तोही यमुनाच्या नावानं. जावयाचं नाव घालायचं तिला सुचलं नाही रे, तिला लेक हवी होती. आणि आमच्या सासरी निम्मं गाव एकाच आडनावाचं. पोस्टमननं घरोघर विचारलं. आमच्या ओसरीवरही विचारलं असेल, पण सुनेचं माहेरचं नाव कुणाच्या लक्षात राहतं? यमुना नावाची बाई या गावात नाही, असं त्याला सगळ्यांनी सांगितलं. पत्र परत गेलं. वडिलांनी नऊ दिवस माझी वाट पाहिली."

"मग?" मकरंदने विचारले.

"मग मी पोचले ती त्यांच्या बाराव्याला."

मग शेठ हळूच म्हणाले, "पण बाई, यात चूक कुणाची म्हणायची?"

"कुणाचीच नाही. पोस्टमन प्रामाणिक होता, गाव खरं बोललं. मी तर तिथंच, चुलीपुढं होते. म्हणून तर राग कुणावर काढावा हेही मला कळलं नाही." बाईंनी थाळी किंचित पुढे सरकवली. "मकरंद, नाव ठेवणारा एकदाच नाव ठेवतो. हाका मारणारे रोज मारतात. एक तारखेला तुझं नवं काम चालू होईल, तेव्हा पाचशे सिस्टर मोबाइल उघडतील आणि पाळणा शोधतील. तो दिसला नाही की म्हणतील, बंद पडला वाटतं. 'मातृतेज' त्यांच्या डोळ्यांसमोर असेल, पण ते त्यांना परकं. दीड महिन्याच्या लशीची यादी त्या परक्या नावाच्या आड पडून राहील. सिस्टर हुशार असतात, आठ-पंधरा दिवसांत शोधून काढतील. पण त्या पंधरा दिवसांत ज्याची लस चुकेल, त्या बाळाला काही बोलता येत नाही."

मकरंद खाली मान घालून बसला. बोलणे त्याला पटत होते. शेवटी, जे त्याने कुणाजवळ बोलून दाखवले नव्हते, ते त्याच्या तोंडून निघाले. "मग मी ठिगळं लावणाराच का, बाई? तीन वर्षं केलं ते कुणाला कळणारच नाही?"

बाईंना हे अपेक्षित नसावे. त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "अरे वेड्या, तुझं काम मी ओळ न् ओळ वाचलंय. मला बारा वर्षांत जे साधलं नाही ते तू तीन वर्षांत केलंस. हे मी तुला केव्हाच सांगायला हवं होतं. मास्तरीण पडले ना मी. उत्तर बरोबर आलं की खूण करायची आणि पुढचं गणित घालायचं, एवढंच आयुष्यभर केलं. हे माझं चुकलं बघ."

मकरंदचे डोळे भरून आले. ते लपवण्यासाठी तो घाईघाईने म्हणाला, "ठीक आहे. नाव पाळणाच ठेवू. आणि आकडाही फार पुढे नको. तीन पूर्णांक एक म्हणू, म्हणजे कुणी बिचकायचं नाही."

"आता दुसऱ्या टोकाला गेलास," बाई म्हणाल्या. "घर पाडून नवं बांधलंस आणि भिंतीला चुना लावला म्हणून सांगणार? सगळी बटणं जागची हललीत. पहिला आकडा बदलला की माणूस सावध होतो, जपून पाऊल टाकतो, अडलं तर विचारतो. तेवढ्यासाठीच असतो तो आकडा. नाव सांगेल की घर तेच आहे, आणि आकडा सांगेल की पायऱ्या बदलल्यात, बघून चढा. चार म्हण. आणि ताठ मानेनं म्हण."

"आणि माझं 'मातृतेज'?" शेठनी विचारले.

"एखाद्या काढ्याला द्या. खपेल."

शेठ मनापासून हसले. पण निघताना दारात थबकले आणि चपलेत पाय घालता घालता स्वतःशीच म्हणाले, "धाकटीचं माहेरचं नाव काय बरं होतं? विचारलं पाहिजे आज."

बाईंनी मकरंदला बजावले होते, पहिल्या पानावर स्वतःचे नाव घाल, तो तुझा हक्क आहे. मकरंदने ते दोनदा लिहून पाहिले आणि दोनदा खोडले. ते नाव वाचून सिस्टरला काय कळणार, हे त्याला काही केल्या सांगता येईना. एक तारखेला पाचशे मोबाइलांवर पाळणा उघडला. वर लिहिले होते, 'पाळणा, आवृत्ती चार'. खाली एकच ओळ होती: 'जुन्या पाळण्यातली सगळी बाळं इथे आहेत.'

साडेदहाला पहिला फोन आला, डोंगरातल्या एका उपकेंद्रावरून. "मकरंदभाऊ, काय हो हे, सगळंच बदललंय. मला तर काहीच सापडेना."

"काय शोधताय, सिस्टर?" मकरंदने विचारले.

"तसं काही नाही. ते वर लिहिलंय ते खरं ना? बाळं सगळी आहेत ना आत?"

"आहेत. एकूण एक आहेत."

"मग राहू द्या," सिस्टर म्हणाल्या, "शिकेन सावकाश."

मकरंदने फोन खाली ठेवला. वडिलांचे ते ठिगळांचे वाक्य आपल्या घशाखाली कधी उतरले, हे त्याचे त्यालाही कळले नाही.