पाच एडिटर आणि बारावा नंबर

एकदा एक शिष्या स्वतःचेच नाव वाचून दचकली. संगणकाच्या पडद्यावर अक्षरे उमटली होती : 'ही फाईल दुसरीकडे उघडी आहे. उघडणारी व्यक्ती : ऋजुता.' ऋजुता म्हणजे तीच. खोलीत तिसरे कोणी नव्हते. पलीकडच्या टेबलाशी तिचे वृद्ध गुरू चष्मा कपाळावर सरकवून फुटाणे खात बसले होते. विचारावे, तर सर हसतील. यंत्राचेच काहीतरी चुकले असेल, असे मनाशी म्हणून तिने 'तरीही पुढे जा' हे बटण दाबले.

या गुरूंकडे एका धरणाचे काम होते. उन्हाळ्यात नदीत पाणी सोडण्याआधी खालच्या लोकांना सूचना जावी लागे, कारण कोरड्या पात्रात कलिंगडाच्या वाड्या असतात आणि वाडीवाले मुलाबाळांसह तिथेच झोपड्या घालून राहतात. कोणाला कळवायचे त्यांचे नंबर आणि पाण्याची वेळ एका फाईलीत असे. प्रोग्रॅम ती फाईल वाचून संदेश धाडी.

शिष्या हुशार होती, पण भित्री. एका कामाचा धक्का दुसऱ्याला लागू नये म्हणून प्रत्येक कामासाठी ती एडिटर, म्हणजे फाईल लिहायचा-बदलायचा प्रोग्रॅम, नव्याने, वेगळा सुरू करी. एकाच एडिटरात अनेक फाईली उघडता येतात हे तिला ठाऊक नव्हते असे नाही; वेगवेगळे असले की तिला आपले बरे वाटे. त्या दिवशी असे पाच चालू होते, आणि त्यांतल्या दोघांत नंबरांची ती एकच फाईल उघडी होती.

तासाभराने पात्रातल्या कोंडिबा भोईचा फोन आला. "ताई, आमाला बी कळवत जा. औंदा नव्या वळणावर वाडी केलीया." तिने त्याचा नंबर पहिल्या एडिटरात बारावा म्हणून लिहिला, फाईल सेव्ह केली. दुपारी धरणावरून निरोप आला : पाणी सहाऐवजी पाचला सुटेल. ही वेळ तिने समोर दिसली त्या खिडकीत, म्हणजे दुसऱ्या एडिटरात बदलली आणि तीही फाईल सेव्ह केली. या दुसऱ्याने फाईल वाचली होती ती कोंडिबाच्या फोनच्या आधी. त्याच्यापाशी अकराच नंबर होते. त्याने ते अकरा जसेच्या तसे, बारांवर लिहून टाकले.

चार वाजता संदेश सुटले. पडद्यावर आकडा आला : अकरा.

"सर, एक राहिला! कोंडिबा राहिला!"

"पाणी कधी?"

"पाचला. त्यांच्या वळणावर सहापर्यंत पोचेल."

ती भराभर खिडक्या उलटसुलट करू लागली. एकीत बारा नंबर, पण वेळ जुनी. दुसरीत वेळ नवी, पण नंबर अकरा. "यातली खरी कुठली धरू? आधी फाईल नीट करते, मग सगळ्यांना पुन्हा पाठवते..."

गुरू उठले. टेबल पुसायचे फडके त्यांनी उचलले आणि तिच्या पडद्यावर पसरून टाकले.

"अहो सर! मला दिसायला नको का?"

"नको." त्यांनी कार्यालयाचा मोबाइल तिच्या हातात दिला. "सकाळी त्याचा फोन यावर आला होता ना? त्याच नंबराला लाव. पाणी काही तुझी फाईल वाचून येणार नाही."

घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. तिने पुन्हा लावला. लावता लावता सकाळी पडद्यावर उमटलेल्या त्या अक्षरांचेही सांगून टाकले.

गुरू शांतपणे म्हणाले, "त्या दोन एडिटरांतला एकही खोटे बोलला नाही, बाळ. ज्याने जे वाचले, ते तो इमानाने सांभाळून बसला. शेजारी काय बदलले हे त्याला कळायला वाटच नव्हती. मधली भिंत तू घातलीस. एकच एडिटर ठेव, त्यात हव्या तेवढ्या खिडक्या उघड. एकीत बदललेले सगळ्यांना दिसेल. भीतीने आपण कामे तोडतो, माणसेही तोडतो, आणि मग सगळ्यांचे निरोप एकट्याने डोक्यात वाहत बसतो. सकाळी मला हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही हसला असता."

"हसलो असतोच. पण हसून झाल्यावर उठून आलो नसतो का?"

तिने नंबर पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही घंटी वाजून थांबली. साडेचार होत आले होते. तिने फडक्याकडे पाहिले, पण ते उचलले नाही. चौथ्यांदा नंबर लावला आणि या वेळी फोनचा आवाज मोठा करून तो दोघांच्या मध्ये धरला. गुरूही कान देऊन उभे राहिले.

खरखर झाली, वारा ऐकू आला, मागे कुठेतरी मूल रडत होते.

"बोला की ताई," कोंडिबा म्हणाला, "कलिंगडं किती पायजेत?"