वस्तादांच्या घड्याळाचा लांब काटा

“...आणि हा मधला लांब काटा? हा तर हलतच नाही. मग घड्याळ बंद म्हणायचं का रे हे?”

दस्तगीर वस्तादांनी असं विचारलं आणि बसवंताला हसूच आलं. परीक्षा म्हणून इतका सोपा प्रश्न!

“बंद कसलं, वस्ताद? झकास चालू आहे. चालता सेकंदकाटा हा इथं, डावीकडच्या छोट्या तबकडीत. बघा, कसा टुकूटुकू निघालाय. मधला लांब काटा वेळ सांगायचा नाहीच. तो मोजायचा.”

“काय मोजायचा?”

“शर्यत मोजा, नाडी मोजा, चुलीवर अंडी ठेवली असतील तर ती मोजा. वरचं बटण दाबलं की पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो. त्याची एक फेरी झाली की उजव्या तबकडीतला काटा एक घर पुढं. तिथं मिनिटं साठतात. आणि खालच्या तबकडीत तास.”

“खालचं बटण कशाला?”

“मोजणारे सगळे काटे परत शून्यावर आणायला. पण आधी थांबवायचं, मग दाबायचं.”

“हं...” वस्ताद म्हणाले.

मिरजेत वस्तादांच्या हाताखाली जे घड्याळं शिकले, त्यांचा एक रिवाज होता. शिकून झालं की वस्ताद स्वतःच्या मनगटावरचं हे दोन बटणांचं घड्याळ उतरवून शिष्यापुढं ठेवायचे. ते सगळं खोलायचं, धुवायचं, जोडायचं आणि वस्तादांच्या हातात द्यायचं. वस्ताद “जा” म्हणाले, तर आपल्या दुकानाच्या पाटीवर ‘दस्तगीर वस्तादांचे शिष्य’ असं लिहायची मुभा. मग काय, गिऱ्हाईक डोळे झाकून घड्याळ ठेवून जायचं! आणि “जा” नाही म्हणाले, तर बसा आणखी शिकत.

बसवंताचं दुकान तासगावात ठरलं होतं. सासऱ्यांनी हौसेनं पाटी रंगवूनसुद्धा घेतली होती, वस्तादांच्या नावासकट. राहिली होती ती फक्त वस्तादांची परवानगी.

हात मात्र गुणी होता गड्याचा, खोटं कशाला बोला! वस्तादांनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ ऐकत राहिले.

“चाल सुरेख ठेवलीस.”

बसवंताची छाती फुगली. वस्तादांच्या तोंडून असा शब्द सहजी निघायचा नाही.

“आता हे सांग. काटा शून्यावर येतो, तर त्याला वाट कोण दाखवतं?”

“बदाम, वस्ताद. काट्याच्या दांड्यावर, आत, बदामाच्या आकाराचं बारकं पान असतं. पत्त्यातला बदाम असतो ना, तसं. बटण दाबलं की हातोडी त्याच्यावर पडते. बदाम तिच्याखाली घसरत फिरतो आणि त्याच्या खोबणीत हातोडी टेकली की थांबतो. काटा कुठंही गेलेला असो... जवळची वाट धरून घरी येतो.”

“कुठंही गेलेला असो?”

“कुठंही.”

“सुभानअल्ला...” वस्ताद हळूच म्हणाले. हे सगळं त्यांनीच शिकवलेलं. पण ऐकताना त्यांचा चेहरा असा उजळला की बसवंताला त्यांच्याकडं बघतच राहावंसं वाटलं. उभा जन्म ह्या चाकांत गेला, तरी ह्या माणसाचं नवल काही संपलेलं नव्हतं.

वस्तादांनी वरचं बटण दाबलं.

लांब काटा निघाला. दोघं त्याच्याकडं बघत होते. पुन्हा दाबलं, काटा थांबला.

मग खालचं बटण.

टक्! काटा उडाला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत बारावर येऊन उभा राहिला. बारावर म्हणजे... बाराच्या केसभर पुढं.



वस्तादांनी घड्याळ त्याच्यापुढं सरकवलं.

“बघ जरा.”

बसवंतानं काच उतरवली, भिंग डोळ्याला लावलं. मागची हातोडी बदामावर टेकलेली आहे ना, ते पाहिलं. चिमट्यानं काटा काढला, बाराच्या रेघेवर नीट धरला, दाबून बसवला. बटण, बटण, टक्!

ह्या वेळी केसभर अलीकडं.

पुन्हा काढला, पुन्हा बसवला. पुन्हा पुढं. समोरच्या हॉटेलातून चहा आला. वस्तादांनी बशीत ओतून सावकाश घेतला. बसवंताच्या चहावर साय धरली.

“बदाम झिजला असेल, वस्ताद. घड्याळ जुनं आहे.”

“झिजला असेल...”

“नाहीतर हातोडीची स्प्रिंग मऊ पडली असेल.”

“असेल... तेही असेल.”

“तबकडीच मुळात तिरकी बसवली असेल कंपनीनं.”

“असेल बाबा...”

वस्ताद भांडले असते तर बरं झालं असतं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्याहून बरं. पण हा माणूस प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता आणि प्रत्येक होकाराबरोबर बसवंताला आपलं बोलणं ऐकून लाज वाटत होती.



बसवंतानं भिंग काढून खाली ठेवलं.

“बदाम चांगला आहे, वस्ताद. हातोडीपण चांगली आहे. मीच...”

वस्तादांनी रिकामी कपबशी बाजूला सारली.

“काल काटा बसवताना माझी गडबड झाली. हातोडी बदामावर पुरती टेकली नव्हती आणि मी काटा दाबला. केसभर चुकला. मग सरळ करायला काढला, घातला... काढला, घातला. एकदा करून गप्प बसलो असतो तर बरं. काट्याचं भोकच सैल झालं. आता परत येताना झटका बसला की काटा दांड्यावर सरकतो. दर खेपेला नव्या जागी थांबणार तो.”

“कालच कळलं होतं तुला?”

“हो.”

“मग?”

“तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय... वाटलं, केसभर काही तुम्हाला दिसायचं नाही.”

एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. पाटी गेली, दुकान गेलं, आणि वस्तादांच्या मनातून आपण उतरलो ते वेगळंच. त्याला सगळ्यांत वाईट त्याचंच वाटत होतं.

“बरोबर वाटलं तुला,” वस्ताद म्हणाले. “मला नाहीच दिसलं.”

बसवंतानं चमकून वर पाहिलं.

“मग... मग घड्याळ परत का दिलंत?”

“मी बटण दाबलं, तेव्हा तू श्वास धरून बसलास. ते ऐकू आलं.”

वस्तादांनी घड्याळ जवळ ओढलं. चिमटा घेतला, बोटानं तबकडी चाचपली आणि एका झटक्यात लांब काटा उचलून घेतला. ना ओरखडा, ना धक्का. बाकीचे काटे आपल्या कामाला लागलेले तसेच. डोळ्यांनी धड दिसत नसताना हा हात! बसवंताला आपली नामुष्कीसुद्धा क्षणभर विसरायला झाली. ‘आपण ह्यांच्यापाशी शिकलो,’ एवढंच त्याच्या मनात आलं आणि त्याचे डोळे भरले.

वस्तादांनी काच बसवली.

“किती वाजले बघ.”

“सव्वापाच, वस्ताद.”

“भिंतीवरच्यात?”

“त्यातही सव्वापाच.”

“हात पुढं कर.”

बसवंताला वाटलं, आता चिमटे, भिंग सगळं परत मागणार. त्यानं हात पुढं केला. वस्तादांनी घड्याळाचा पट्टा त्याच्या मनगटावर गुंडाळला आणि चाचपडत बक्कल लावलं. इतके शिष्य त्या दुकानातून शिकून गेले, पण ते घड्याळ मनगटावर बांधायचं भाग्य आजवर एकाच्याही वाट्याला आलं नव्हतं.

“वस्ताद, हे...”

“तासगावची गाडी चुकेल. जा.”

‘जा’ म्हणाले! बसवंताला खरंच वाटेना. तो उठून वस्तादांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी अर्ध्यातच धरून त्याला उभं केलं.

“पाटी लावू?”

“लाव की.”

“तुमच्या नावाची?”

“दुसऱ्या कुणाचं नाव रंगवलंय का तुझ्या सासऱ्यानं?”

म्हणजे तेही ह्यांना ठाऊक होतं! बसवंत रडता रडता हसला. मग मनगटाकडं बघून घुटमळला. तीन छोट्या तबकड्या, दोन बटणं, आणि मधे लांब काट्याची जागा रिकामी.

“वस्ताद, गिऱ्हाईक हे बघणार... घड्याळजीच्या स्वतःच्याच घड्याळाला काटा नाही म्हणणार.”

“म्हणू दे.”

“विचारतील, काय झालं म्हणून.”

“झालं ते सांग.”

“सगळ्यांना?”

“जो विचारेल त्याला.”

वस्तादांनी लांब काटा बटरपेपरच्या तुकड्यात ठेवला, चार घड्या घातल्या आणि पुडी सदऱ्याच्या खिशात टाकली.

“मग तो न्यायला कधी येऊ, वस्ताद?”

वस्तादांनी खिशावर हात ठेवला. 

“झालं ते सांगताना ज्या दिवशी त्याची उणीव वाटणार नाही, त्या दिवशी ये.”